तोंड तेलाकडे

अलिबाग तालुक्यातल्या मोटारसायकलींचा इतिहास कुणाला लिहायचा असेल तर कागदपत्रं धुंडाळण्याआधी त्याने घरापुढची जमीन बघावी. गाडी उभी करायची जागा ठरलेली असते. ओट्याच्या कडेला, नाहीतर वाड्याच्या पडवीत. तिथे पडलेला तेलाचा डाग कुठे आहे आणि केवढा आहे, यावरून जुना माणूस सांगू शकतो की इथे कुठली गाडी होती. डाग मधोमध आणि ताटाएवढा असेल तर बुलेट. बुलेट म्हणजे तेल गळणारच असं लोक धरूनच चालत. गळायचं थांबलं तर आतलं तेल संपलं असेल, अशी थट्टा व्हायची. डाग बारीक पण काळा आणि वास राहिलेला असेल तर राजदूत. आणि अलीकडच्या वीस-तीस वर्षांत डाग पुढे सरकला. पुढच्या चाकाच्या बाजूला, थेंब थेंब, रुपयाएवढा. तो पुढच्या शॉकपचा.

मी खारेपाटातला माणूस. पोयनाडच्या पुढे खाडीच्या अंगाला आमचं गाव. भाताचं एक पीक, बाकी वाल, थोडी भाजी, आणि बांधाची कामं. शाळा दहावीपर्यंत झाली, पुढे शेतीच. यंत्राचं शिक्षण असं काही घेतलं नाही. पण आमच्या पिढीच्या माणसाला पाना हातात घ्यावाच लागला, कारण दुरुस्त करणारा दुसरा कोणी नव्हता.

मोटारसायकल आमच्याकडे उशिरा आली. मद्रासला एन्फिल्डचा कारखाना १९५५ साली उभा राहिला, म्हैसूरला जावाचा १९६१ च्या सुमारास, आणि फरिदाबादला एस्कॉर्ट्सने पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली ती १९६२ पासून. पण ही सगळी नावं आमच्या गावात पोचेपर्यंत सत्तरचं दशक उजाडलं. तोवर माणूस एसटीने, रेवसच्या लाँचने, नाहीतर पायी. सायकल असणारा श्रीमंत. अलिबागला डॉक्टरांकडे, वकिलांकडे जावा दिसायची. तिचा किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, हे पाहायला आम्ही पोरं कोर्टासमोर उभी राहत असू. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. आमच्यातलं कोणी त्या भानगडीत पडलं नाही. स्कूटरची चाकं लहान, खारातल्या कच्च्या वाटेवर ती रुतायची.

आमच्या आळीत पहिली गाडी आली ती एका मासळीच्या व्यापाऱ्याकडे, राजदूत. मागे दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून तो पहाटे निघायचा. पावणेदोनशे सीसीची, टू स्ट्रोक, पेट्रोलात तेल मिसळून चालणारी. ओझं वाहायला बैलासारखी. पुढे पुण्याच्या कायनेटिकची लुना आली, ती निघाली होती १९७२ साली, पण आमच्याकडे रुळली ऐंशीच्या आसपास. मग १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, थळचा खत कारखाना १९८५ मध्ये चालू झाला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी पोरं गावात दिसू लागली आणि त्याच सुमारास जपानी कंपन्यांच्या जोडीने बनवलेल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. हीरो होंडाची सीडी हंड्रेड १९८५ ची. ती कमी पेट्रोल पिते एवढंच लोकांना ठाऊक. पण तिने आणखी एक गोष्ट बदलली, ती म्हणजे गळती. इंजिनाखालचा डाग जवळजवळ नाहीसा झाला.

हे कशामुळे, ते समजायला ऑइल सील म्हणजे काय ते कळलं पाहिजे.

फिरणारा किंवा सरकणारा दांडा जिथे तेलाच्या घरातून बाहेर येतो, तिथे फट ठेवावीच लागते. फट नसेल तर दांडा हलणार नाही. आणि फट असेल तर तेल बाहेर येणार. या अडचणीवर माणसाने आधी दोरी गुंडाळली. पाण्याच्या पंपाला ग्लॅण्ड दोरी भरतात, ती आम्ही सगळ्यांनी भरली आहे. सासुरवाडी नागावची. तिथे वाडीत आधी रहाट होता, बैल गोल फिरायचा आणि मातीचे लोटे पाणी वर आणायचे. त्याला कसलं सील नाही. अर्धं पाणी परत विहिरीत सांडायचं आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. मग इंजिन-पंप आला आणि सासऱ्यांना पहिल्यांदा ग्लॅण्ड आवळायची चिंता लागली. दोरी फार आवळली तर दांडा तापतो, ढिली सोडली तर पाण्याची धार. थेंब थेंब पडत राहील इतकीच आवळायची, असं त्यांना मिस्तरीने शिकवलं होतं.

दोरीनंतर कातडं. तेलात भिजवलेल्या कातड्याची वाटी दांड्यावर घट्ट बसते आणि दांड्याला जाळत नाही. जर्मनीत वाइनहाइम म्हणून गाव आहे, तिथे फ्रॉयडेनबर्ग नावाचा कातडी कमावायचा जुना कारखाना, १८४९ पासूनचा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कातड्याचा धंदा बसला तेव्हा त्यांनी मोटारींसाठी कातड्याची सीलं करायला घेतली, आणि १९३६ पासून कातड्याच्या जागी कृत्रिम रबर घातलं. आज जगभर जे सील वापरतात त्याच्या घराण्याचा एक मूळपुरुष असा चामड्याच्या धंद्यातला आहे. मला हे वाचून नवल वाटलं नाही. आपल्याकडेही तसंच झालं. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जालना, सोलापूर या भागात जे हातपंप तयार झाले, त्यातल्या सोलापूर पंपावरूनच पुढे देशभरचा इंडिया मार्क दोन पंप निघाला. त्याच्या नळात खाली कातडी वाट्या असत. दांडा वर-खाली करून करून त्या झिजल्या की बाया म्हणायच्या, पंप नुसता वारा मारतो. नंतर त्या वाट्यासुद्धा नायट्राइल रबराच्या झाल्या. तेच रबर आपल्या गाडीच्या सीलात असतं. साधं रबर चालत नाही, कारण ते तेल पितं आणि फुगतं. सायकलच्या ट्यूबचं कडं कापून गाडीत बसवणारे महाभाग आमच्याकडे होऊन गेले. चार दिवसांत त्या कड्याचा खरवस व्हायचा.

आता सीलाची रचना. बाहेरून पत्र्याचं कडं, त्यावर रबर, आणि आतल्या बाजूला रबराचा पातळ ओठ. ओठाच्या पाठीशी केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग. एका बाजूने सील सपाट असतं, तिथे आकडे छापलेले असतात, आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या बाजूने ते पोकळ दिसतं, स्प्रिंग दिसते. ही पोकळ बाजू तेलाकडे ठेवायची. तेलाचा दाब आला की तो ओठाच्या पाठीवर येतो आणि ओठ दांड्यावर आणखी दाबला जातो. म्हणजे बाहेर पडायला धडपडणारं तेलच दार लावून घेतं.

खारेपाटातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या बाहेरकाठ्याला उघाड्या असतात. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला खाडीत जावं आणि भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये, म्हणून बांधाच्या पोटात मोरी आणि मोरीच्या खाडीकडच्या तोंडाला झडप. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने झडप उघडते. भरती आली की खाडीचं पाणीच झडपेला दाबून बंद करतं. उधाण जेवढं मोठं, तेवढी झडप घट्ट. मात्र झडपेच्या कडेला एवढीशी काटकी अडकली, खेकड्याने बाजूला भोक पाडलं, की तिथून पाणी वाट काढतं, वाटेची खांड होते आणि एका रात्रीत दहा घरांचं भात खारं होतं. त्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं काही पिकत नाही. म्हणून पूर्वी गावातला घरटी माणूस बांधावर जायचा. सरकारने १९४८ साली खारजमिनीचा कायदा केला, १९७९ साली नवा केला, बांधांची कामं खात्याकडे गेली, आणि माणूस बांधावर जायचा तो हळूहळू थांबला. तो वेगळा विषय आहे, त्यावर मी रागावून लिहीन, म्हणून इथे पुरे.

राजदूत आणि लुना यांच्या सीलांचं दुखणं मात्र निराळं होतं. टू स्ट्रोक गाडीत पिस्टनखालची क्रँकची खोली हवाबंद लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे येतं आणि मग वर जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना सील. मॅग्नेटकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत शिरते. गाडी चालू व्हायला त्रास देते आणि चालू झाली की सोडलेल्या रेड्यासारखी आपसूक पळत सुटते. क्लचकडचं गेलं तर गिअरपेटीतलं तेल इंजिन ओढून घेतं आणि जाळतं. मागे पांढुरक्या धुराचा लोट, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. त्या मासळीवाल्याच्या राजदूतचं असंच झालं होतं. गिअरचं तेल सारखं कमी होतंय, गळत तर कुठेच नाही. लोकांनी चोरीचा संशय घेतला होता! पेणहून एक फिटर आला, त्याने धुराचा वास घेतला आणि वाडग्याएवढ्या मॅग्नेटला ओढणी लावून अर्ध्या दिवसात गाडी उघडी केली. आम्ही दहा-बारा पोरं भोवती बसलो होतो. आमचं तांत्रिक शिक्षण ते. त्या फिटरने काढलेलं जुनं सील आम्हाला दाखवलं. ओठ कडक होऊन नखासारखा झाला होता. तो म्हणाला, रबर म्हातारं झालं की वाकत नाही, आणि वाकत नाही ते राखत नाही.

शंभर सीसीच्या फोर स्ट्रोक गाड्या आल्या आणि हे क्रँकचं दुखणं गेलं. इंजिन झाकलेलं, माप अचूक, गळती नाही. मग आमच्याकडे तेल पुढून का गळायला लागलं? या प्रश्नाचं उत्तर गॅरेजात मिळत नाही, कारण ते गॅरेजात नाही. ते हवेत आहे.

पुढच्या शॉकपमध्ये दोन नळ्या असतात. आतली पोलादी, वरून क्रोमचा गुळगुळीत मुलामा दिलेली, बाहेरची ॲल्युमिनियमची. चाक खड्ड्यात गेलं की एकीत दुसरी सरकते. आत स्प्रिंग आणि तेल. दोघींच्या मध्ये सील, त्याच्यावर धुळीसाठी रबरी टोपी. आता आमची हवा बघा. खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला. लोखंडी खिडकी इथे पुण्याच्या निम्मी टिकत नाही. पावसाळ्यात बांधावर गाडी घेऊन गेलं की खारा चिखल टोपीत जाऊन बसतो. पर्यटक तर गाड्या थेट वाळूवर घालतात, ओहोटीला कुलाबा किल्ल्याच्या बाजूला चाकं ओली करून फोटो काढतात आणि गाडी न धुता घाट चढतात. मीठ त्या क्रोमच्या मुलाम्यात केसाएवढी चीर शोधतं. आत पोलाद. तिथे गंज धरतो, फुगतो, आणि मुलाम्याचा कण उडतो. मोहरीच्या निम्म्याएवढा खड्डा. बोट फिरवलं तर कळत नाही, नख फिरवलं तर कळतं.

हा खड्डा दर खेपेला सीलाच्या ओठाखालून जातो. दर खेपेला स्वतःत मावेल एवढं तेल बाहेर आणतो आणि त्याची कड ओठाला करवतीसारखी लागते. एका मैलात गाडी किती वेळा खाली-वर होते ते आमच्या रस्त्यांवरून आलेल्याला विचारा.

म्हणजे दोष सीलाचा नसतोच. झडप चांगली असते, काठ खराब झालेला असतो. पण गॅरेजात गाडी नेली की सील बदलतात, पैसे घेतात आणि देतात. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीचं सील एका वर्षात तीनदा बदललं गेलं, एकाच ठिकाणी. नळीवर नख फिरवायची तसदी कोणी घेतली नाही. चौथ्यांदा तेल निघालं ते ओघळत ब्रेकच्या ड्रमपर्यंत गेलं. उतारावर पुढचा ब्रेक दाबला, लागला नाही. मागचा दाबला, गाडी आडवी. पायाला सळई घालावी लागली. तो आजही पावसाळ्यात लंगडतो. लोक गळणाऱ्या शॉकपकडे पाहून म्हणतात, तेलच जातंय ना, जाऊ दे, पुढच्या महिन्यात बघू. त्यांना मी भावाचा पाय दाखवतो.

२०२० सालच्या जूनमध्ये माझ्याच गाडीचा उजवा शॉकप गळायला लागला. ते वर्ष काय होतं ते सांगायला नको. मार्चपासून टाळेबंदी. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं ते अलिबागच्या जवळच किनाऱ्याला लागलं. नागावची वाडी आडवी झाली, सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या. आमच्याकडे कौलं गेली, विजेचे खांब गेले, कितीतरी दिवस अंधार. आईला साखरेचा आजार, इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. फ्रिज बंद. तालुक्याला ज्या दुकानात जनरेटर होता तिथे औषध ठेवलेलं, ते दोन-तीन दिवसांचं आणायचं, मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, संपलं की परत जायचं. एसटी नाही, विक्रम नाही. वाटेत झाडं पडलेली. गाडीशिवाय गत्यंतर नाही आणि गाडी गळतेय. पुतण्या म्हणाला, "काका, शॉकप वकतंय, ब्रेकवर उतरंल." गॅरेजं बंदच होती.

सीलाची जोडी मी घरात नेहमी ठेवतो. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कागदात गुंडाळून, उन्हापासून लांब. दोन माणसांच्या नाश्त्याएवढी तिची किंमत. जोडी म्हणतो कारण एक गेलं की दुसरं मागोमाग जातंच, आणि दोन्ही पायांत तेल सारखं नसेल तर गाडी वळणावर अंग टाकते. मुंबईच्या बाजारात एकदा मी अशी जादा जोडी मागितली तेव्हा दुकानदाराने तो ठरलेला प्रश्न केला, अलिबागवरून आलायस काय? मी म्हटलं, हो, म्हणूनच जादा पाहिजेत.

काम काढलं ते पडवीत. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिनाखाली लाकडी ओंडका, म्हणजे पुढचं चाक अधांतरी. ब्रेकची आणि मीटरची केबल सोडली, चाक काढलं, मडगार्ड काढलं. यानंतर घाई करायची नाही. नळी वर पकडीत घट्ट असतानाच तिचा वरचा टोपीबोल्ट एक आटा सैल करून ठेवायचा, नंतर ती हातात आली की तो हलत नाही. तसाच खालच्या टोकाचा ॲलन बोल्ट. त्याच्या आत एक दांडी असते, ती बोल्टाबरोबर गोल फिरत राहते आणि माणूस तासभर फिरवत बसतो. आतल्या स्प्रिंगचा दाब आहे तोवर ती दांडी दाबलेली असते, तेव्हाच झटका देऊन तो बोल्ट मोडायचा. मोडायचा म्हणजे सैल करायचा, फिटर लोकांची भाषा.

मग पकडीचे बोल्ट सोडून पाय खाली ओढून घेतला. वरचा बोल्ट शेवटच्या आट्याला फडक्याने दाबून काढायचा, तोंड बाजूला ठेवून, कारण स्प्रिंग उडते. तेल थाळीत ओतलं. तेल कसलं, चिंचेचा कोळ. ते विहिरीकडे किंवा बांधावर ओतायचं नाही. आम्ही असलं तेल गोठ्याच्या लाकडी मेढींच्या बुडाला वाळवीसाठी फासतो. खालचा बोल्ट काढला, त्याची तांब्याची वायसर जपून ठेवली. आतली नळी बाहेर आली. टोपी उचलली तर तिच्यात गेल्या पावसाचा सुकलेला चिखल, जिभेला लावला तर खारट. (बायकोने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.) त्याखाली सर्कलिप, तारेची गोल कडी. ती काढल्यावर सील. जाड फडकं ठेवून, स्क्रूड्रायव्हरने, थोडं इकडून थोडं तिकडून. ॲल्युमिनियम मऊ असतं. त्याच्या काठाला ओरखडा पडला तर नवीन सील बाहेरच्या अंगाने गळतं.

नळी रॉकेलने पुसली आणि दारातल्या उजेडात नख फिरवलं. तीन खड्डे. दोन अगदी वर होते, जिथे सील पोचतच नाही. ते असून नसल्यासारखे. एक बरोबर मधल्या पट्ट्यात. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून नळीभोवती आडवा फिरवला. उभा घासायचा नाही, उभी रेघ म्हणजे तेलाला पाट खणून दिल्यासारखं. कडा मेल्या. खड्डा राहिलाच, तो एम-सीलने भरला, रात्रभर सुकू दिला आणि सकाळी परत घासून नळीच्या पातळीला आणला. नख अडकेना. खड्डे एकापेक्षा जास्त असते, किंवा नळी वाकलेली असती, तर हे सगळं सोडून नवी नळीच घालावी लागते, दुसरा उपाय नाही. मीही वाटा मोकळ्या झाल्यावर नवी घातली. पण त्या पावसाळ्यापुरतं हे टिकलं.

बसवताना नळीच्या टोकाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, कारण टोकाची धार नव्या ओठाला कापते. सीलाला तेल चोळलं. पोकळ बाजू खाली, तेलाकडे. आकडे वर, आपल्याकडे. पुतण्या विचारत होता लक्षात कसं ठेवायचं, त्याला म्हटलं उघाडीची झडप कुठल्या अंगाला असते? खाडीच्या. तेवढंच. मग जुनं सील ब्लेडने एका जागी कापून नव्याच्या डोक्यावर ठेवलं आणि वाडीतल्या पाण्याच्या लाइनीचा जाड पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा वरून घालून ठोकत नेलं. जुनं कापायचं एवढ्यासाठी की ते मागे काढताना अडकत नाही. आवाज बदलतो, भद्द भद्द होता तो टणक येतो, तेव्हा सील तळाला बसलं. सर्कलिपची खाच पूर्ण दिसली पाहिजे.

तेल मोजायला माप नव्हतं. नातवाची जुनी दुधाची बाटली मिळाली, तिच्यावर मिलीच्या रेघा. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण दीडशे ते दोनशे मिलीच्या आत एका पायाला लागतं, गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा असतो, तोच घ्यायचा. अंदाजपंचे ओतून चालत नाही. जास्त झालं तर आतली हवा दाबली जाऊन नवीन सीलच बाहेर फेकलं जातं. डाव्या पायाचं काम निम्म्या वेळात झालं. चाक चढवलं, आस आवळण्याआधी हँडल धरून पाच-सहा वेळा गाडी खाली दाबली म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात, मग आस आवळली. ब्रेकची ताटली पेट्रोलने पुसली. लायनिंग कोरडं होतं, हे नशीब. लायनिंगने एकदा तेल प्यायलं की ते धुऊन सुधारत नाही, बदलावंच लागतं.

दुपारी पुतण्या औषध घेऊन आला. नळीवर सीलाच्या कडेला एक पुसट ओली रेघ होती, केसाएवढी. ती असावी. ओठाला तेवढं तेल लागतंच, सासऱ्यांच्या ग्लॅण्डसारखं. पूर्ण कोरडा ओठ जळतो.

त्याच साली मार्चमध्ये मुंबईहून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली होती. टाळेबंदी उठल्यावर ती भरभरून येऊ लागली आणि आता अलिबागच्या रस्त्यांवर इतक्या गाड्या आहेत की दुरुस्तीची दुकानं पावलोपावली झाली. चांगली पोरं आहेत त्यांत, हाताला जलद. पण त्यांना नळीवर नख फिरवायला वेळ नाही. गिऱ्हाईक दारात उभं असतं, त्याला परतीची बोट पकडायची असते. आणि एक नवीनच बोलणं मी ऐकतो, की सील सुटं बदलू नका, पूर्ण शॉकपच बदला. दोन सीलांच्या जागी दोन अख्खे शॉकप. यात लबाडी किती आणि आळस किती ते मला सांगता येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो देतो. पांढऱ्या कांद्याच्या माळा मागे लटकवून बाजाराला जाणारा शेतकरी तसाच गळका शॉकप घेऊन फिरतो.

मागच्या दिवाळीत नातीसाठी विजेवरची स्कूटर घेतली. तिला इंजिन नाही, गिअरपेटी नाही, धूर नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, आजोबा, हिला तेलपाणी काही बघायचं नाही. मी खाली वाकून पुढचं चाक पाहिलं. त्याच दोन नळ्या, तोच क्रोम, त्याच रबरी टोप्या. आत तेल आहे. मापं सीलाच्या पाठीवर असतील ती मी अजून काढून पाहिलेली नाहीत. पण पहिला पावसाळा गेल्यावर डाव्या नळीवर, टोपीच्या वर चार बोटं, एक तांबूस ठिपका आला आहे, आणि नातीला मी दर रविवारी गोड्या पाण्याने नळ्या धुऊन तेलाचं फडकं फिरवायला सांगतो. ती फिरवते, पण मोबाइलवर बोलत बोलत.